तळ नसलेली विहीर

गेणबाच्या विहिरीला तळ नव्हता. म्हणजे असणारच, नाहीतर पाणी थांबलं कशावर असतं? पण ताम्हणवाडीत हे कुणी बोलून दाखवत नसे, कारण गेणबानं कुणाला बोलूच दिलं नव्हतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या बापानं, कोंडाजीनं, विहीर खणताना शेवटचा सुरुंग लावला तेव्हा खडक जो फुटला तो फुटतच गेला, आणि खालून थेट मुळशीच्या धरणापर्यंत वाट झाली. एकदा विहिरीत पडलेली पितळी कळशी पुढं धरणात कुणा कोळ्याच्या जाळ्यात निघाली. कळशीवर कोंडाजीचं नाव होतं, म्हणून त्या सज्जन माणसानं ती ताम्हणवाडीत आणून दिली. ती कळशी अजून घरात होती. नावही होतं. ऐकणारा कळशी बघून गप्प बसायचा. नाव कुणाच्याही कळशीवर असतं, हे त्याला घरी पोचेपर्यंत सुचायचं नाही.

अशा विहिरीवर आता आळ आला होता, आणि त्या रविवारी सकाळी घरची माणसं ओट्यावर जमली होती ती तिचाच निकाल ऐकायला.

गेणबा जरबेराच्या फुलांच्या रिकाम्या खोक्यावर बसला होता. एका अंगाला थोरला किशोर, दुसऱ्या अंगाला धाकटा शेखर, आणि दोघांच्या मधे एवढी जागा की एखादी म्हैस आरामात बसली असती. घराच्या मागं चढावर किशोरनं भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. पिरंगुट आणि उरवड्याच्या कारखान्यांत जाणारी माणसं तिथं राहायची. समोरच्या उताराला शेखरचं पॉलीहाऊस. आणि दोन्हींच्या मधल्या खोलगटात विहीर, दोघा भावांच्या मधे आई बसावी तशी.

किशोरची रेश्मा मारुंजीहून बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. अंगावरचं दूध पुरेना म्हणून डब्यातलं सुरू केलं. पोर अजून मान धरत नव्हती, तोच एका सकाळी तिचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसायला लागले, मग नखं. शुभांगीला, म्हणजे रेश्माच्या आईला, थंडी वाटली. तिनं पोरीला दोन दुपट्यांत गुंडाळलं. निळेपणा जाईना. पुण्याच्या दवाखान्यात रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, काकवीसारखं होतं. डॉक्टरनं पोरीला जे औषध टोचलं तेही निळंच. निळ्या पोरीला निळं औषध! गेणबानं दुसरीकडं कुठं ऐकलं असतं, तर ही गोष्ट त्यानं स्वतःच्या नावावर घेतली असती. पण त्या दिवसापासून त्यानं एकही गोष्ट सांगितली नव्हती.

पोर वाचली. आज घरी सोडणार होते. कुठल्या घरी, हा प्रश्न होता. जावई स्वानंदच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, लेकरू परत त्या वाडीत न्यायचं नाही.

"गेणू, च्या घे," साळूबाई कप पुढं करत म्हणाली. ही त्याची थोरली बहीण; नवऱ्याच्या माघारी भावाकडं आली आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला एकेरीत बोलत होती. "बाटलीतल्या पान्याचा हाय. भिऊ नगंस."

"मी हिरीचंच पिनार."

"पी की. तुला काय हुतंय? यमानं बी तुझ्या गोष्टी ऐकायच्या भ्यानं वाट बदललीया."

गेणबानं तोंड वाकडं करून कप घेतला.

हुमाची स्कूटर फाटकातून आत आली. पिरंगुटला बी-बियाणं, खतं विकणाऱ्या फकरुद्दीनची ही मुलगी, रेश्माची शाळेतली मैत्रीण. माती-पाण्याचं शिकली आणि आता एका प्रयोगशाळेत होती. दवाखान्यातून रेश्मानं पहिला फोन केला तो तिलाच.

मागच्या आठवड्यात ती नमुने घ्यायला आली, तेव्हा गेणबा दिवसभर तिच्या मागं होता. विहिरीवर तिला चपला काढायला लावल्या. तिनं वजन बांधलेली फीत आत सोडली, ती सैल पडली, तिनं आकडा वाचला.

"अडतीस फूट."

"फीत अडकली आसंल. खाली कपार हाय."

"दोनदा टाकली, आबा."

"मग कपार दोनदा लागली."

"आणि ही वाट धरणाला जाते म्हणता, पण धरण तर आपल्या वरच्या अंगाला. पाणी चढून जातं व्हय?"

"आमच्या टायमाचं पानी जायचं चढून," गेणबा म्हणाला. "आताच्या पान्यात तेवढा दम न्हाई."

तेव्हा ती खळखळून हसली होती. मग तिनं हातभर मुठीचं लांब गिरमिट काढलं आणि डोंगराच्या कडेला, भाताच्या खाचरात, पॉलीहाऊसच्या वाफ्यांत, खोल्यांच्या शोषखड्ड्यांजवळ भोकं पाडत गेली. प्रत्येक ठिकाणी वरची माती वेगळ्या पिशवीत, हातभर खालची वेगळ्या, त्याच्याही खालची वेगळ्या. गेणबाला ते पाहून गंमत वाटली होती. मातीला कसलं वरचं आणि खालचं?

आज ती हसत नव्हती. ओट्याच्या कडेला बसली, पाण्याचा तांब्या आला तो तिनं हात लावून बाजूला ठेवला. गेणबाला ते लागलं. फकरूच्या पोरीनं आपल्या घरचं पाणी न पिता ठेवावं!

"आधी चांगलं सांगते," ती म्हणाली. "डोंगराच्या कडेची माती आणि तिथला झरा स्वच्छ आहे. खाचरांतही काळजीचं काही नाही."

"आनि हीर?" गेणबानं विचारलं.

"विहिरीत नायट्रेट शहाण्णव निघालं, आबा. पंचेचाळीसच्या वर असलं तर ते पिण्याचं पाणी नाही. तान्ह्या लेकराला तर ओठालाही लावायचं नाही. ते रक्तात गेलं की रक्त श्वास वाहून नेत नाही."

"तुरट लागत न्हाई. वास न्हाई. गढूळ न्हाई."

"त्याला रंग, वास, चव काहीच नसतं. उकळून मरत नाही, गाळून निघत नाही."

"आलं कुटनं?" किशोर म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता शेखरकडं बघायला लागला.

"बघतोस काय माझ्याकडं?"

"तुझ्या फुलांना रोज ठिबकच्या नळीतनं खत पाजतोस. पोती मोजायची म्हनली तर दिस उजाडंल. कुटं जातंय ते?"

"फुलांत जातंय. आनि तुझ्या खोल्यांतली मानसं रोज खड्ड्यांत काय गुलाबपानी सोडत्यात व्हय, दादा?"

"भाऊजी," शुभांगी दारातून म्हणाली. तिच्या हातात दवाखान्याचा डबा होता, झाकण अजून लावलेलं नव्हतं. "माझी नात मरता मरता वाचलीया. हितं फुलांची बाजू घिऊ नगा."

"वैनी, ती माझी बी नात हाय. माझी बायको बसलीया तितं तिच्या उशाला."

"तुझ्या बापानंच इकली की गं ती पोती," साळूबाई हुमाला म्हणाली.

"विकली आजी. म्हणून तर रेश्माचा फोन आल्यावर मला बसवेना." हुमानं शेखरकडं वळून विचारलं, "काका, मी यायच्या आधी वाफ्यांत नुसतं पाणी सोडलं होतं का? भरपूर?"

शेखर पायानं माती उकरायला लागला.

"वरची माती इतकी स्वच्छ आली की मलाच नवल वाटलं. खत टाकलेल्या मातीसारखी नाहीच, धुतल्यासारखी. मग खालच्या पिशव्या उघडल्या. सगळं तिथं होतं. हे मातीला चिकटून बसत नाही काका, पाण्याबरोबर चालतं. तुम्ही धुतलं ते गेलं नाही, खाली विहिरीकडं निघालं."

"बघा!" किशोरनं मांडीवर थाप मारली. "परीक्षेच्या आदल्या दिशी पोरगं न्हाऊन आलं."

"आणि किशोरकाका, खड्डे उपसायचा टँकर त्याच आठवड्यात आला होता ना?"

किशोरचा हात मांडीवरच राहिला.

"खड्डे रिकामे होते," हुमा म्हणाली. "भोवतालची माती रिकामी नव्हती."

शुभांगीनं डबा खाली ठेवला. "आवं, मला तर म्हनला, चोंदलं हाय म्हनून बलावला टँकर."

"चोंदलंच हुतं थोडं."

"माझी पोरगी तितं लेकराच्या नाकाला नळी बघत बसली हुती आनि तुमी खड्डे लपवत हुता?" एवढं बोलून ती नवऱ्याच्या बाजूची जागा सोडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, शेखरच्या शेजारी जाऊन बसली. या घरात भिंत अशीच सरकायची, आवाज न करता.

"आनि हिरीत तुरटी कुनी टाकली?" साळूबाईनं हळूच विचारलं. "चांगला किलोभर खडा हुता. माझ्या डोळ्यांनी बघितला."

सगळे गेणबाकडं वळले. गेणबानं चहाचा कप उचलला, त्यात काही नव्हतं, तरी प्याला. त्यानं तुरटी टाकली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, आणि किशोरचा टँकर आणि शेखरचं पाणी दोन्ही पाहूनही तोंड मिटून घेतलं होतं. तिघांनी तीन जागी, एकमेकांना न सांगता, एकाच घराची अब्रू धुवायला काढली होती. एरवी एवढा एकोपा या घरात लग्नातसुद्धा दिसला नसता.

"खड्डे तरी हिरीच्या एवढ्या जवळ कशाला वं काढले?" शुभांगीनं नवऱ्याला विचारलं.

किशोरनं मांडीवरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "आबाच म्हनायचे ल्हानपनापासनं. हितलं पानी थांबत न्हाई, खालनं धरनाला जातं. मला वाटलं, जाईल."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर गेणबानं परतवला असता. पन्नाशी उलटलेला पोरगा, खोल्यांचा मालक, ग्रामपंचायतीत हात वर करणारा माणूस, आणि त्यानं ती गोष्ट खरी धरली होती! शेखरनंही मान हलवली. म्हणजे त्यानंही.

गेणबा उठून उभा राहिला. विहिरीची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं, तर ती त्यानं घ्यायला हवी होती.

"थांबा. एक गोष्ट मला सांगा," तो म्हणाला. "हीर एवढी वाईट, तर समद्यांची लेकरं का निळी झाली न्हाईत? खोल्यांत किती पोरं हायेत. मागं अंगनात कालवा चाललाय, ऐका."

"ती मोठी आहेत, आबा. तान्ह्या लेकराचं पोट वेगळं असतं."

"मंजी आमच्याच पोरीला हिरीनं धरलं? जिला मी साधं पानी येक थेंब दिलं न्हाई तिला?" आता त्याला सूर सापडला होता. "मी सोता करत हुतो पानी. पहाटं भरलेलं, कुनी हात न लावलेलं. चुलीवर पातेलं, वर फडकं. तिच्या पनजीच्या डोरल्यातला सोन्याचा मनी आत टाकायचा आनि आटवायचं. उकळी आली की उतरवायचं, आसलं आजकालचं काम न्हाई. निम्मं हुईस्तवर आटवायचं. माझ्या आईनं मला तसं पाजलं, तिच्या पनजीनं किशोरला, शेखरला, रेश्माला पाजलं. ती गेली, मग मी करतो. तेच पानी बाटलीत. आता बोल. त्यात काय राहिलं आसंल?"

हुमा खाली बघत होती.

गेणबानं आयुष्यभर माणसांना गप्प बसवलं होतं. कुणी विश्वास बसला म्हणून गप्प बसतं, कुणी कंटाळून, कुणी म्हाताऱ्याचा मान राखायला. यातला प्रत्येक गप्पपणा त्याला अंधारात हातानं ओळखता आला असता. हुमाचा गप्पपणा त्यातला नव्हता. तिला काहीतरी माहीत होतं आणि ती ते दाताखाली धरून बसली होती.

"बरं, ते जाऊ द्या आबा," ती म्हणाली. "पुढं काय करायचं ते बोलू. शेखरकाकांनी खत निम्म्यावर आणायचं, खड्डे..."

"का जाऊ द्यायचं?"

"आबा, च्या घ्या आनखी," किशोर म्हणाला.

गेणबा त्याच्याकडं बघतही नव्हता. त्याला गुऱ्हाळ आठवलं होतं. तरणा असताना तो थेऊरकडं गुऱ्हाळावर कामाला जायचा. काहिलीत रस ओतला की काठोकाठ. खाली जाळ, वर वाफ. रस खाली खाली जायचा, काळा पडायचा, घट्ट व्हायचा. काकवी. त्याच्या पणतीचं रक्त काकवीसारखं होतं, असं शुभांगी दवाखान्यातून रडत सांगत होती. काहिलीतून पाणी जातं. गोडी कुठं जाते?

"हुमा," तो म्हणाला, "पानी आटतं तवा ते तुझं नायट्रेट कुटं जातं?"

"आबा..."

"वाफंतनं जातं का?"

"नाही."

"मग कुटं जातं?"

"कुठं जात नाही, आबा."

"मंजी निम्म्यात समदं."

मागं खोल्यांच्या बाजूला पोरं खेळत होती, तेवढाच आवाज.

आणि मग एक नवल झालं. शेखर ताडकन उठला. "काय आटवलंय न् काय न्हाई! खत माझं हाय. मी वतलं न्हाई तर आटवून काय सोनं निघनार हुतं? माझ्यामुळं झालंय हे."

"ए, तू गप," किशोर म्हणाला. "तुझी फुलं किती आनि खत किती! खड्डे माझे हायेत. वरच्या अंगाला हायेत. समदं माझंच आलंय हिरीत. हुमा, सांग ना."

"वा! मगाशी तर माझी पोती मोजत हुतास."

"मगाशी मी खोटं बोललो."

"आत्ता बोलतुयास खोटं. पॉलीहाऊसच्या मातीत काय निघालं ते तू ऐकलंस न्हवं?"

"बाटली मी भरत हुते," शुभांगी मधेच म्हणाली. "आबांनी नुसतं पानी तापवलं. पावडर मी घालायची, पोरीच्या तोंडाला मी लावायची."

"आगं बाई," साळूबाई पुटपुटली, "मगाशी येकमेकाच्या अंगावर ढकलत हुती, आता वढून घेत्यात."

गेणबा तिघांकडं बघत राहिला. किती वाईट खोटं बोलत होती ही माणसं! डोळे खाली, आवाज मोठा, एकाचं दुसऱ्याला जुळत नाही. त्याच्या पोटची पोरं आणि एवढंही येऊ नये.

"बसा," तो म्हणाला. "खोटं बोलायचं तर निदान येकानं माझ्यापाशी शिकायचं हुतं." मग जरा थांबून, "तुमचं तुमच्यापाशी ठेवा. ते खरंच हाय, त्याचं काय करायचं ते ही पोरगी सांगंल तसं करा. पर हे माझं हाय. ते माझ्या हातातनं काढून घिऊ नगा."

कुणी बसलं नाही.

"रेश्माला म्हाईत हाय?" त्यानं हुमाला विचारलं.

"डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पाणी उकळून उकळून आटवता का. तिनं मला शपथ घातली, आबांना कळू द्यायचं नाही."

गेणबानं मान हलवली. पोर सगळं ठाऊक असून आजाला फोनवर म्हणत होती, जेवलात का, गोळी घेतली का.

तो चपला घालून ओट्यावरून उतरला. शेखर मागं आला, त्याला त्यानं हातानंच परतवलं. तो विहिरीवर निघाला असं वाटून साळूबाई अर्ध्यात उठली. पण तो विहिरीला वळसा घालून चढाला लागला. खोल्यांच्या रांगेत टोकाच्या खोलीत एक पोरगी राहायची, बिहारकडची, नवरा उरवड्याच्या कारखान्यात. तिला दिवस गेलेले होते. तिला आई-सासू कुणी जवळ नाही म्हणून गेणबानं आपणहून तिला शिकवलं होतं, पाणी कसं आटवायचं ते.

ती दारात भांडी घासत होती. त्याला पाहून पदर सावरून उठली.

"बेटी," तो म्हणाला, "वो पानी पीने का नहीं. उबालके तो बिलकुल नहीं."

"काहे बाबा? आप ही तो बोले थे।"

"हां," गेणबा म्हणाला. "मैंच बोला था. अब मैंच बोलता है, नहीं पीने का. हमारे घर से जार आयेगा. रोज आयेगा." तिच्या चुलीजवळचं पातेलं भरलेलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, बाहेर आणलं, आणि पेरूच्या झाडाच्या बुडाशी ओतायला गेला. मग थबकला. इथं ओतलं तरी ते खालीच जाणार होतं. तो पातेलं धरून जरा वेळ तसाच उभा राहिला. या वाडीत पाणी ओतून टाकायला जागा नाही, हे त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा कळत होतं. शेवटी त्यानं ते त्या पोरीच्या भांडी घासायच्या बादलीत ओतलं.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. ती फाटकाबाहेर रस्त्यावरच थांबली. स्वानंद स्टिअरिंगशी बसून होता, गाडी चालूच होती. मारुंजीला जाता जाता रेश्माची कपड्यांची पेटी घ्यायची, एवढंच ठरलं होतं. मागच्या दारातून शेखरची बायको उतरली, आणि तिच्या मागून लेकराला घेऊन रेश्मा.

शुभांगी धावली. किशोर, शेखर, साळूबाई सगळे फाटकाशी गेले. गेणबा गेला नाही. तो चुलीच्या पडवीत खांबाला टेकून उभा होता. पोरीचे ओठ कसे आहेत हे त्याला बघायचं होतं आणि बघायला पाय उचलत नव्हता.

रेश्मा त्यांच्या घोळक्यातून सरळ पडवीत आली. एका हातावर लेकरू, दुसऱ्या हातात सीलबंद पाण्याची मोठी बाटली.

"आबा, हिची दुधाची वेळ झालीय."

"तुझी आई हाय की."

"आई हाय. मी तुमाला सांगतीया."

"मी नगं, बाय."

"का?"

पोरीचं तोंड दुपट्यातून दिसत होतं. ओठ लाल होते. साध्या, रोजच्या लेकराचे ओठ असतात तसे.

"हुमाचा फोन आला हुता," रेश्मा म्हणाली. "म्हनाली, तुमी तिच्याकडनं काढून घेतलंत. तुमच्यापासनं काय लपवायचं म्हंजी अवघड." तिनं बाटली त्याच्या हातात दिली. "पानी हे घ्या."

बाहेर स्वानंदनं हॉर्न वाजवला. रेश्मानं मागं वळून हात केला, थांब म्हणून.

गेणबानं चूल पेटवली. काडी दोनदा विझली. पातेलं आतून-बाहेरून घासलेलं होतं. तरी त्यानं ते बाटलीतल्या पाण्यानं परत विसळलं. पाणी ओतलं. सवयीनं हात बंडीच्या खिशात गेला, मणी बोटाला लागला, आणि हात तिथंच थांबला.

"टाका की," रेश्मा म्हणाली.

"सोन्यानं काय हुतंय गं?" साळूबाई दारातून म्हणाली.

"काय हुत न्हाई, आजी. म्हनूनच टाकायचं. फकस्त आटवू नगा."

मणी पाण्यात पडला, पातेल्याच्या बुडाशी जाऊन बसला. पाण्याला बुडबुडे आले, पहिली उकळी फुटली, आणि गेणबानं फडक्यानं पातेलं झटक्यात खाली घेतलं, जणू चुलीनं ते त्याच्या हातून हिसकून घेतलं असतं.

निवेपर्यंत थांबायचं होतं. रेश्मानं काही न विचारता पोर त्याच्या मांडीवर ठेवली. पोरीनं त्याच्या मिशांकडं पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. बाकीची माणसं एकेक करून पडवीत आली, कुणी खांबाला, कुणी उंबऱ्याला टेकलं. मोकळ्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती. पण सगळी तशीच बसली. किशोर आणि शेखर यांच्या मधे आता म्हैस मावली नसती.

पोर कुरकुरायला लागली. मांडीवरचं लेकरू कुरकुरलं की गेणबाचं तोंड आपोआप उघडायचं. किशोरपासून रेश्मापर्यंत सगळ्यांनी त्या मांडीवर तीच गोष्ट ऐकली होती.

"आपली हीर हाय ना बाळा," तो म्हणाला, "तुझ्या खापरपनज्यानं खनली. कोंडाजीनं. शेवटचा सुरुंग लावला, आनि हिला..."

तो थांबला. पातेल्याच्या बुडाशी मणी लख्ख दिसत होता.

"तळच न्हाई," साळूबाईनं आठवण करून दिली. सगळ्यांना पुढचं पाठ होतं.

रस्त्यावर गाडीचं इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला, मग स्वानंदची पावलं फाटकातून आत.

"हाय," गेणबा पोरीला म्हणाला. "अडतीस फुटावर तळ हाय, बाय. हुमानं दोनदा मोजलाय."